डावा खिसा आईचा

प्रिय ताई,

मागे कुणी लागलेलं नसताना माणूस बेचाळीस किलोमीटर का धावतो, हा तू फोनवर विचारलेला प्रश्न मी दीड महिना डोक्यात घेऊन फिरतेय, आणि मला त्याचं उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते. त्यातून त्या धावण्याआधी जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची, आणि हे सगळं एका दिवसात, सतरा तासांच्या आत. वर्षभर मी खेळाडूंच्या दवाखान्यात अशाच लोकांना काय खावं आणि किती प्यावं ते सांगतेय, पण तुम्ही हे करता कशाला, असं विचारायचं धाडस मला झालेलं नाही. आणि आता त्या लोकांत आपली आई! एक्कावन्न वर्षांची, पोहायच्या तलावावर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत एकोणीस वर्षं किल्ल्या वाटणारी आणि फरशी पुसणारी.

तू कोराच परत पाठवलेला फॉर्म पोचला. पन्नाशी ओलांडलेल्या स्पर्धकाला घरच्या सज्ञान माणसाची संमती लागते, आणि आईच्या मते घरात मोठी तू, म्हणून सही तुझीच हवी होती. सोबतची चिठ्ठीही वाचली. ‘तुला शिकवलं ते कशासाठी? समजाव तिला.’ ताई, मला ते लागलं, कारण ते खरं आहे. दहावीनंतर तू कपड्यांच्या कारखान्यात कात्री हातात घेतलीस, म्हणून आपल्या घरात एक पदवी आली. तेव्हा मी खरोखरच तिला समजवायला बसले. कागदावर यकृत काढलं, स्नायू काढले, शरीरात साखरेचा साठा किती असतो आणि तो काही तासांत कसा संपतो ते दाखवलं. चांगली घाबरवायचीच असं ठरवून बसले होते. आईने हनुवटीखाली हात घेऊन सगळं ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे खात राहिलं की झालं, एवढंच ना? मग तूच सांग काय खायचं ते. झालं! समजवायला गेले आणि तिची आहारतज्ज्ञ होऊन उठले.

तरी मी एक अट घातली. सहा तास सायकल आणि उतरल्या उतरल्या तासभर धावणं, एवढं नीट जमलं तर मी ताईशी बोलेन. नाही जमलं तर फॉर्म फाडून टाकायचा. आईने मान्य केलं. त्याआधी डॉक्टरांकडून तिचं हृदय तपासून घेतलं, यंत्राच्या धावत्या पट्ट्यावर पळवून. त्या अहवालाची प्रत सोबत ठेवली आहे, ती आधी वाच. मग मी तिचा तक्ता केला. दर वीस मिनिटांनी घड्याळ वाजणार, की एक पुडी खायची आणि तक्त्याच्या चौकोनात खूण करायची. कधी उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी, कधी अर्धं केळं, कधी खजूर, आणि वर मध-मीठ घातलेल्या पाण्याचे दोन घोट. सायकलवर निघण्याआधी आणि आल्यावर तिचं वजन करायचं, म्हणजे घाम किती गेला ते कळतं. पायांसारखी पोटालाही सवय लावावी लागते, असं मी सांगितलं तर म्हणाली, बरं झालं बाई, माझं पोट तरी शिकेल, मी तर सातवीतच राहिले.

तुला तिचा तलावावरचा प्रशिक्षक आठवतो का, कायम गळ्यात शिट्टी असलेला? आम्ही त्याला शिट्टीच म्हणतो. लोकांना चुकीचं पोहताना बघून बघून कंटाळलेली आई एक दिवस स्वतःच पाण्यात उतरली, तेव्हापासून तो तिचा चेला आहे की ती त्याची, ते मला अजून समजलेलं नाही. सायकलही त्याचीच. पहिल्या चाचणीच्या रविवारी तो, एक दाढीवाला दंतवैद्य आणि आणखी चौघं तिच्याबरोबर होते. शंभराव्या किलोमीटरच्या पुढे कुठेतरी आई सायकलवरून उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसली. शिट्टीने विचारलं, काय होतंय? तर म्हणाली, कपाटाची किल्ली परत केल्याशिवाय जायचं नाही हं. ती तलावावर आहे असं तिला वाटत होतं, ताई! त्याने पटकन गोड पाणी पाजलं आणि गाडी मागवून तिला घरी आणलं. घरी येईपर्यंत ती इतकी ताळ्यावर आली होती की गाडीची गादी मळली म्हणून त्यालाच ओरडत होती.

मी तक्ता बघितला. प्रत्येक चौकोनात खूण! साखर संपून बसलेल्या बाईने पंधरा पुड्या खाल्ल्या होत्या, असं तो कागद सांगत होता. मला काही केल्या हिशेब लागेना. शेवटी दंतवैद्यानेच, डोकं खाजवत, सांगितलं. तुमच्या आईंनी मला चार वेळा खायला घातलं. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, लाजू नका, तोंड बघा किती सुकलंय. मग दुसरा म्हणाला, मलाही तीन. घड्याळ वाजलं की आई पुडी काढायची, बाजूला बघायची, आणि ज्याचा चेहरा पडलेला दिसेल त्याच्या हातात ठेवायची. वर खूणही करायची, कारण पुडी तर संपली होती. तिने खोटं काही लिहिलं नव्हतं. पुडी कुणाच्या पोटात गेली, असा रकानाच मी केला नव्हता.

घाम मोजला, मीठ मोजलं, पाणी मोजलं, आणि तीस वर्षं आपल्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आपल्या सगळ्यांचं जेवण झाल्यावर ओट्याशी उभ्याने जेवणारी आई! भांड्यात उरेल तेवढं तिचं, आणि नाही उरलं तर म्हणणार, मला आज भूकच नव्हती. शेजारी कुणी भुकेलं असताना तिच्या घशाखाली घास उतरत नाही. हे कुठल्या पुस्तकात असणार?

अट म्हणजे अट, म्हणून संध्याकाळी मी फॉर्म फाडायला काढला. आईने वाद घातला असता तर बरं झालं असतं. तिने फक्त पुसलेली फरशी परत पुसायला घेतली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, मी कधी काही एकटीसाठी केलं नाही गं. जमतं का, बघत होते. माझ्याच्याने फॉर्म फाडवला नाही. मी म्हटलं, आणखी एकदा, आणि ही शेवटची.

या वेळी मी तक्ता बाजूला ठेवला आणि तिच्या सदऱ्याकडे बघितलं. सायकलच्या सदऱ्याला पाठीमागे खिसे असतात. डावा खिसा आईचा, उजवा जगाचा. उजव्यात वाटायला हव्या तेवढ्या पुड्या भरून दिल्या, पण नियम असा, की आधी डाव्यातली तोंडात, ती गिळली की मगच उजव्याला हात. आणि कुणी आधीच मागितलं तर? तिची शंका तयारच होती. तर सांगायचं, थांबा, माझी मुलगी रागावते. हे तिला फारच आवडलं. आता ती रस्त्यावर भेटेल त्याला सांगते, माझी मुलगी शिकलेली आहे, फार रागावते! घड्याळ वाजलं की सगळा घोळका ओरडतो म्हणे, काकू, डावा खिसा!

गेल्या रविवारी आईने सहा तास सायकल चालवली आणि वर तासभर धावली. वजन एका किलोनेच घटलं. डावा खिसा रिकामा, उजव्यात एक खजूर उरला होता, तोही तिने माझ्यासमोर खाल्ला. मग अंघोळ केली, ताट वाढून घेतलं, आणि ताई, माझी वाट न बघता ती जेवायला बसली. खाली बसून. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभीच राहिले. तिने मान वर करून विचारलं, अशी काय बघतेस, तुझं तू वाढून घे की. एवढा आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू बाबांचं नाव घेणार नाहीस आणि मग मलाही घेता येणार नाही, म्हणून लिहितेय. गोदामाच्या जिन्यावर ते दम घ्यायला बसले आणि उठलेच नाहीत, तेव्हा त्यांच्याजवळ तू होतीस, मी शाळेत होते. तुझ्या ‘समजाव तिला’ची भीती मला कळते. तू मला शिकवलंस ते आईला थांबवण्यासाठी असेल, तर मी तुझी अपराधी आहे. तुझा शब्द मी पहिल्यांदाच मोडला. काल दुपारी फॉर्मवर माझीच सही केली आणि स्पर्धेच्या कार्यालयाच्या खिडकीवर देऊन पोच घेऊन आले. शर्यत संपते तिथे कठड्याच्या आत घरच्या एकाच माणसाला उभं राहू देतात. तो रकाना मी आईला न विचारता भरला, आणि त्यात तुझं नाव लिहिलं.

तुझीच,
चष्मिष्ट