गेली, परतली नाही

प्रिय उमामा,

अस्सलामु अलैकुम.

माझं फायनल एग्झिट, कायमचं परत जाणं, आता नक्की झालं. आमच्या ऑफिसात सगळ्यांचे इकामे, राहण्याचे परवाने, बघणारा बद्र, त्याने आज दुपारी मला समोर बसवून सांगितलं. खरेदी विभागातल्या जागांवर सौदी माणसंच घ्यायची, हा नियम कंपनीला लागू झालाय आणि माझी खुर्ची त्यात गेली. पुढच्या शनिवारचं मुंबईचं विमान आहे. त्याआधी एकच गोष्ट अडलीय, असं बद्र म्हणाला. माझ्या इकाम्यावर अजून तुझं नाव आहे आणि ते काढल्याशिवाय माझ्या बाहेर जाण्यावर शिक्का बसत नाही. नाव कसं काढायचं तेही त्याने स्क्रीनवर दाखवलं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू इंग्रजीत विचारतेस, मी मराठीत उत्तर देतो आणि त्या गडबडीत मला नको ते मी सहज गाळून टाकतो. म्हणून कागदावर लिहितोय. पानांचे फोटो काढून पाठवीन. देवनागरी तू शाळेत हिंदीच्या तासाला शिकलीस आणि मराठी अम्मीची बोलणी खाऊन, तेव्हा वाचायला जड जाऊ नये. कुठे अडलंच तर तुमच्या ईशाला विचार. शेवटचं पान मात्र आधी एकटीने वाच.

घर जवळजवळ रिकामं झालंय. फ्रिज वरच्या मजल्यावरचा मल्याळी घेऊन गेला. तुझा पलंग कोणी घेत नाही, त्याच्या फळीवर तू आठवीत असताना कंपासने कोरलेलं नाव बघून लोक परत जातात. श्रीवर्धनहून बिलकिस खालाचा रोज फोन येतो. परवा म्हणाली, "दुल्हाभाई, एकोणीस वर्षांचं सामान दोन बॅगांत कसं आणता? बायकोच्या हातची एक तरी पातेली आणा." पातेली आणतोय. अम्मीची जुनी खोली माझ्यासाठी झाडून ठेवलीय म्हणे. खाला प्रेमळ आहे, पण दर संध्याकाळी माझं काय चुकलं ते मला समजावून सांगेल आणि मला ते ऐकावं लागेल.

माझ्या जागेवर नासिर आलाय. फेब्रुवारीपासून मीच त्याला शिकवतोय. कोणता पुरवठादार वेळ पाळतो, कोण सिमेंटच्या नमुन्यात एक दाखवतो आणि ट्रकमधून दुसरं पाठवतो, सगळं. पोरगा वाईट नाही. पहिल्या दिवशी माझ्या खुर्चीत बसायला लाजला, बाजूला प्लास्टिकची खुर्ची ओढून बसला. मला 'अबू उमामा' म्हणतो, उमामाचा बाप. माझ्यावर चिडायला कोणीतरी हवं होतं, पण त्याच्यावर चिडता येत नाही. तो ओहायोत चार वर्षं शिकून आलाय, सरकारी स्कॉलरशिपवर. त्याच्याकडूनच मला तुमच्या सोरोरिटीबद्दल, कॉलेजातल्या त्या बहिणींच्या मंडळाबद्दल, पहिल्यांदा नीट कळलं. पण तेव्हा फेब्रुवारी अर्धा सरला होता.

बाय, अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी तू काय काय सांगायचीस ते मला आठवतं. वसतिगृहाच्या फॉर्मवर गाव विचारलं तेव्हा तू रियाध लिहिलंस आणि पासपोर्ट निघाला भारताचा. भारतीय मुलांच्या मंडळात गेलीस तर मुंबईच्या पोरी म्हणाल्या, "अगं, तू तर सौदीची, तुला काय कळणार." सौदी मुलांच्या क्लबात गेलीस तर त्यांनी खजूर दिले, गहवा, त्यांची कॉफी, दिली, अदबीने बोलले आणि पुढच्या वेळी बोलवायला विसरले. हे सांगताना तू हसत होतीस. मीही हसलो. अम्मी असती तर हसली नसती.

मग गेल्या ऑक्टोबरात तू म्हणालीस की आशियाई मुलींची एक सोरोरिटी आहे, तीत तुझ्यासारख्याच पोरी आहेत. कोणी कुवेतमध्ये वाढलेली बंगाली, कोणी नैरोबीची गुजराती, एक कोरियन मुलगी जिचं बालपण जेद्दात गेलं. नागपूरची ईशा तुझी 'बिग', म्हणजे तुला सांभाळणारी थोरली झाली आणि तू तिची 'लिटल'. ईशाची बिग ती तुझी आजी. नावाला तीन ग्रीक अक्षरं, त्यांच्या खाली एक अख्खं खानदान. मी काय बोललो ते तुला आठवत असेलच. "बहिणी हव्या होत्या तर सांगायचं, म्हसळ्यात तुझ्या अकरा चुलत बहिणी बसल्यात." तू शांतपणे म्हणालीस, "अब्बा, दे डोन्ट नो मी." मला ते लागलं. म्हसळ्यातल्या त्या पोरी मलाही ओळखत नाहीत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर तुझे फोन तुटक झाले. रोज संध्याकाळी कुठेतरी असायचीस. विचारलं तर "सहा आठवडे काही विचारू नका, सांगायची परवानगी नाही, नंतर सगळं सांगते." आमच्याकडे मुलगी बापाला असं म्हणते तेव्हा बापाच्या डोक्यात एकच विचार येतो. माझ्या डोक्यातही तोच आला. खालाला बोललो, तिने आगीत तेल ओतलं. डिसेंबरात अम्मीची बरसी. अम्मी गेल्यापासून एकही बरसी आपण दोघांनी वेगवेगळी केली नव्हती. तिकीट काढायचं तेव्हा तू म्हणालीस, येता येणार नाही, चौदा तारखेला इथे असावंच लागेल, का ते चौदानंतर विचारा. मी फोन ठेवला आणि चौदानंतरही विचारलं नाही.

बरसीच्या शुक्रवारी एकटाच कबरस्तानात गेलो. दर वेळी तू गाडीत बसायचीस. बायका आत जात नाहीत, म्हणून भिंतीला लागून गाडी उभी करायची, काच अर्धी खाली. मी आत जाऊन फातिहा पढून यायचो. परत आलो की तू विचारायचीस, दगड आहे ना? तिथल्या कबरींना नाव नसतं, नुसती माती आणि उशा-पायथ्याला साधे दगड, सगळ्या सारख्या. म्हणून आपण श्रीवर्धनच्या बंदरावरचा एक काळा गुळगुळीत गोटा उशाच्या दगडाला टेकवून ठेवला होता. फाटकातून सरळ, चौथी रांग, भिंतीपासून सतरावी. आहे, असं मी म्हणायचो, मगच तू काच वर करायचीस. डिसेंबरात परत आलो तेव्हा गाडीत विचारायला कोणी नव्हतं. मी तुझ्यावर फार चिडलो.

चौदा डिसेंबरला तू व्हिडिओ पाठवलास. मी तो उघडला नाही. तू जानेवारीत दोनदा विचारलंस, बघितला का. मी म्हटलं, हो, छान आहे.

फेब्रुवारीत एकदा जेवताना नासिर माझ्या फोनकडे बघत होता. त्यावर तुझा फोटो होता, त्या अक्षरांच्या जॅकेटातला. तो मोठ्याने हसला. "अबू उमामा, तुझी पोरगी सोरोरिटीत? अरे, माझ्या कॉलेजात होत्या या पोरी. आम्ही पार्ट्या करायचो तेव्हा या लायब्ररीत बसलेल्या असायच्या. रोज तीन तास अभ्यास सक्तीचा. आपल्या संस्थेचा इतिहास तोंडपाठ करतात, ओळीत उभ्या राहून म्हणून दाखवतात, तोवर कोणाला सांगायचं नाही. एवढंच असतं ते गुपित." मी विचारलं, मुलगे? तो म्हणाला, "मुलगे? त्यांच्या मोठ्या बहिणी तुझ्यापेक्षा कडक असतात, वल्लाह." टेबलावरचे सगळे हसले. मी ताटातला भात संपवला.

तरीही व्हिडिओ उघडायला मला मार्च उजाडला. काय दिसेल याची भीती होती असं नाही. आपण चुकलो हे बघायची भीती होती. एका दुपारी गाडीत बसून बघितला. तुम्ही सात जणी एका ओळीत, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर, तोंडावर मुखवटे. एकेक जण पुढे येते, मुखवटा काढते, ओरडून आपलं नाव सांगते. तू पाचवी. पुढे आलीस आणि मराठीत ओरडलीस. "मी उमामा मुस्तफा उकये. हफीजाची मुलगी. घर रियाध." समोरच्या त्या दोन-तीनशे पोरांतल्या ईशाशिवाय कोणालाही एक अक्षर कळलं नसेल, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तू पाठ वळवलीस. जॅकेटच्या पाठीवर प्रत्येकीने स्वतःसाठी निवडलेलं नाव होतं. कोणाचं वाघीण, कोणाचं वादळ. तुझ्या पाठीवर हफीजा.

ज्या सहा आठवड्यांत तू आम्हाला विसरलीस असं मी सगळ्यांना सांगत होतो, त्या सहा आठवड्यांत तू तिचं नाव पाठीवर घेत होतीस. अम्मीची बरसी तू तिथे अशी केलीस. आणि मी इथे, भिंतीच्या आत उभा राहून, तुझ्यासाठी दुवाही मागितली नव्हती.

आता शेवटचं पान.

तुझा परत यायचा व्हिसा तीस जानेवारीला संपला. मी तुला सांगितलं की मुदत वाढवायला गेलो होतो, सिस्टमने घेतलं नाही, नियम बदललाय, सौदीकरणामुळे सगळं कडक झालंय. तू विश्वास ठेवलास. कोणीही ठेवला असता. या काही वर्षांत नियम बदलला म्हटलं की इथे कोणी पुढे विचारत नाही. ज्याला पोरांना गावी पाठवायचंय तो तेच सांगतो, ज्याला लग्न मोडायचंय तोही तेच सांगतो. उमामा, नियम बदलला नव्हता. अठ्ठावीस जानेवारीला जेवणाच्या सुट्टीत मी अबशरवर, त्या सरकारी ॲपवर, तुझं पान उघडलं. मुदत वाढवा, असं बटण होतं. फोनवर ओटीपी आला, सहा आकडे. ते टाकायचे होते. मी मनात म्हटलं, तिने विचारू दे एकदा, विनवू दे. आकडे तसेच राहिले, वेळ संपली, पान बंद झालं. वाटलं, उद्या करू. दुसऱ्या दिवशीही केलं नाही. एकतीसला उघडलं तेव्हा ते बटण तिथे नव्हतं.

मग तू टुरिस्ट व्हिसाचा अर्ज केलास, तो नाकारला गेला आणि तू मला विचारलंस, का. जुन्या इकाम्यावर नाव आहे तोवर नवा व्हिसा मिळत नाही. ते मी काढायचं, आणि आता ते निघालं की मीही इथून निघतो. मे महिन्यात एक आठवडा तरी येते, जॅकेट अम्मीला दाखवायचंय, गाडीतूनच, असं तू लिहिलं होतंस. ते मी होऊ दिलं नाही. कंपनीने नाही, सरकारने नाही. पुढे कधी तू पर्यटक म्हणून येशील, हॉटेलात उतरशील, मेट्रोने फिरशील. टॅक्सी करून त्या भिंतीपर्यंतही जाशील. पण आत जाऊन दगड बघून येणारं कोणी नसेल. मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. ते मागायला तोंड नाही. तू आजवर मला एकदाही खोटं सांगितलं नाहीस, एवढं मात्र तुला माझ्याकडून लेखी मिळायला हवं होतं.

उद्या सकाळी दहा वाजता बद्रच्या टेबलावर मला तुझं नाव काढायचंय. त्यासाठी अबशरवर एकच पर्याय आहे: 'गेली, परतली नाही'. तो निवडला की ओटीपी येतो. या वेळी मी आकडे टाकीन. शुक्रवारी फजरच्या नमाजानंतर नासिर मला कबरस्तानात नेणार आहे. तो गाडीत थांबेल. तो काळा गोटा तिथेच राहू देईन. शनिवारी विमानतळावर खिडकीत इकामा काढून घेतील आणि रविवारी सकाळपर्यंत मी बिलकिस खालाच्या अंगणात पोचलेला असेन.

तुझाच,
अब्बा