गिलचा मौनकाळ आणि सहा शिळे पाव

सनीव्हेल, २ डिसेंबर

परमादरणीय सिस्टर जेर्ट्रूड यांच्या सेवेशी,

(झाली आदराची ओळ लिहून. आता ट्रूडी,)

तुझा खोकला कसा आहे? फ्रेस्नोत धुकं सुरू झालं असेल, छातीला लोकरीचं काहीतरी गुंडाळत जा. तुमच्या स्वयंपाकीणबाई अजून सूप पातळच करतात का? माझं बरं चाललंय. गिलचं विचारशील, तर गेल्या पंधरवड्यात त्याची नोकरी जाता जाता राहिली. सात महिन्यांनी मानाने निवृत्त व्हायचं ठरलेल्या माणसाला हाकलून देण्याची वेळ आली होती, आणि तीही माझ्यामुळे. म्हणजे पावामुळे.

गिल त्या चिपवाल्या कंपनीत हिशेबाच्या खात्यात आहे, हे तुला ठाऊकच आहे. पूर्वी ती मुलांच्या खेळांतले राक्षस पडद्यावर चकचकीत दिसावेत म्हणून चिप बनवायची. तेव्हा आमची शेजारीण व्हर्ना (या गल्लीत कुंपणांना जे कान आहेत, ते तिचेच) मला विचारायची, ‘तुझ्या नवऱ्याला खरी नोकरी कधी लागणार गं?’ आता त्याच चिपांवर यंत्रं विचार करायला शिकली आहेत म्हणे. माणसांनी मात्र तो सोडलेला दिसतो, कारण गल्लीत प्रत्येकाने या कंपनीचे शेअर घेऊन ठेवलेत. माझे केस कापणारी मुलगी मधेच कात्री थांबवून विचारते, चिपांची मागणी पुढच्या वर्षी टिकेल का. आमच्या फादर कॉर्मॅकनी चर्चच्या सभागृहाचा निधी त्यातच घातला होता. हल्ली प्रवचन लांबलं की ते घड्याळाकडे बघत नाहीत, फोनवर भाव बघतात.

आता गंमत अशी की तिमाहीचा निकाल लागण्याआधी तीन आठवडे कंपनीच्या माणसांनी धंद्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा नियम आहे. त्याला मौनकाळ म्हणतात. गिल तो इतका कडक पाळतो की त्या दिवसांत आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नाही. मग लोकांनी करायचं काय? ते माझी बाजारातली टोपली वाचतात. मी महागडा सॅमन मासा घेतला तर नफा वाढला. स्वस्तातले कोंबडीचे पंख घेतले तर गिऱ्हाईक पळालं. मला बिचारीला याचा पत्ताच नव्हता. मला आईच्या हातच्या सोपासची, त्या रस्सा-पावाची, आठवण आली, म्हणून मी सहा शिळे पाव घेतले. (ताज्या पावावर मांसाचा रस्सा ओतला की लगदा होतो. आई वर पुदिना घालून झाकण ठेवायची आणि त्यावर हात ठेवून उभी राहायची, जसा काही पाव पळून जाणार होता.) रांगेत मागे व्हर्ना. तिने पावांवरची सवलतीची चिठ्ठी वाचली, माझ्या दंडावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, ‘ताजा परवडत नाही का गं?’

मी म्हटलं, ‘शिळाच हवा होता.’

तिने डोळे पुसले. त्याच दुपारी गल्लीतल्या सात घरांनी, केस कापणारीने आणि फादरनी सगळे शेअर विकून टाकले.

दोन दिवसांनी निकाल लागला. विक्री गेल्या वर्षीच्या दुप्पट, नफा त्याहूनही वर. (पहिल्या तासात भाव पडला. कारण नफा तज्ज्ञांच्या अपेक्षेपेक्षा जास्त होता, पण तो अपेक्षेपेक्षा जितका जास्त असेल अशी अपेक्षा होती, तितका जास्त नव्हता. गिलने हे मला दोनदा समजावून सांगितलं. आपल्या गणिताच्या सिस्टरनी असं उत्तर देणाऱ्याला कोपऱ्यात उभं केलं असतं.) दुसऱ्या दिवशी मात्र भाव असा चढला की व्हर्नाने माझी केकची ताटली न धुता परत केली. फादर म्हणाले, ‘ओडेट, कबुलीजबाबाला मी शनिवारी चारला बसतो.’ मी विचारलं, कसली कबुली? म्हणाले, ‘पावाची.’

मग कंपनीची वकीलबाई, मिस प्रॅट, घरी आली. तिचा सवाल एकच: एका गल्लीतून नऊ जणांनी एकाच दुपारी विकलं, तर गिलने आतलं काय फोडलं? सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने ऑफिसची पेन्सिलही घरी आणलेली नाही. मी तिला टेबलाशी बसवलं, सोपास वाढलं आणि पावाची कथा सांगितली. दोन ताटल्या संपवून ती म्हणाली, ‘बाई, आतली बातमी कळलेले लोक श्रीमंत होतात. तुमच्याकडून कळलेले बुडाले. याला गुन्हा कसा म्हणू?’

असो. काल गिल म्हणाला, मीठ कमी आहे. कानाला किती बरं वाटलं, काय सांगू. मठातल्या सगळ्यांना माझं प्रेम सांग आणि प्रार्थनेत आम्हाला आठव.

तुझीच,
ओडेट

ता. क. खरं म्हणजे याचसाठी लिहायला बसले. मिस प्रॅटच्या यादीत एक नाव उरलं आहे. इथे सगळे विकत होते त्याच दुपारी एका ठिकाणाहून खरेदी झाली. फ्रेस्नोच्या तुमच्या मठातून, छपराच्या निधीतून. याचा उलगडा झाल्याशिवाय ती गिलची फाईल बंद करणार नाही. गिलने मला विचारलं, ट्रूडीला काही बोललीस का? मी म्हटलं, छे. मग आठवलं. त्या सकाळी तू फोनवर विचारलंस, गिलला झोप लागते का, आणि मी म्हटलं, घोरून भिंती हलवतो. हिशेब बरे असल्याशिवाय गिल घोरत नाही, हे तुला ठाऊक. शाळेतही तू कधी कुणाच्या वहीत डोकावली नाहीस. उत्तर लिहायचीस आणि ते बरोबर की चूक, हे माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचीस. (तू पहिली यायचीस. मी सातवी.) तेव्हा आजच मिस प्रॅटला पत्र टाक. गिल तुझ्याशी एक शब्दही बोललेला नाही, हे खरं आहे, तेवढंच लिही. घोरणं म्हणजे बोलणं नव्हे, हे तिला मी समजावीन.

आणखी ता. क. पुढचा मौनकाळ जानेवारीच्या अखेरीस. तेव्हा फोन केलास तर गिलच्या झोपेची चौकशी नको, माझ्या झोपेची कर. ती मला पंधरा दिवस लागलेली नाही, आणि तेवढ्यावरून कुणाला काही विकत घेता येणार नाही.