पोर्ट शब्दाचं पान

अण्णा,

मायना लिहायला बसलो आणि तिथंच अडलो. तुम्ही शिकवलेली सगळी विशेषणं डोळ्यांपुढून गेली, पण गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'तीर्थरूप' लावायचं की नाही, हे शिकवायचं तुमच्याकडून राहून गेलं होतं. तेव्हा नुसतं अण्णा. भुवई वर करायची असेल तर करा, मला दिसणार नाही. तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही समोर उघडी आहे. ती मी वर्षातून एकदा-दोनदा काढतो, एकाच पानापर्यंत जातो आणि मिटून ठेवतो. त्या पानावर तुम्ही माझ्या शब्दावर विसंबून एक ओळ लिहिली आहे. ती ओळ खोटी आहे. तुम्ही ती लिहीत होतात तेव्हा मी समोर पाटावर बसून आमटी भुरकत होतो आणि ती खोटी आहे हे मला माहीत होतं.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी पत्त्यात 'नवी मुंबई' लिहायला नुकताच लागलो होतो, आणि तुम्ही म्हणायचात, "जुनीत जागा मिळाली नाही, म्हणून नवी होय?" उरणच्या अलीकडच्या गावात आपल्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. आई गेल्यावर साताऱ्याचं बिऱ्हाड मोडून तुम्ही माझ्याकडे आलात, एक ट्रंक, एक पळी-पंचपात्र आणि असंख्य कोश घेऊन. मी कंटेनर यार्डात क्लार्क. संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या माणसाला कंटेनर यार्डात कोण घेतो, हा प्रश्न तुम्हाला पडला होता. पण प्रत्येक कंटेनरला चार अक्षरं आणि सात आकडे असतात, आणि ते न बघता घडाघडा सांगणारा माणूस त्यांच्याकडे दुसरा नव्हता. लहानपणी तुम्ही घोकून घेतलेली रूपं माझ्या पोटापाण्याला अशी आली. सकाळी मी डबा घेऊन निघायचो, संध्याकाळी परत यायचो. मधले दहा तास तुम्ही काय करत असाल, हा विचार मी तेव्हा केला नाही. आता निवृत्तीच्या तोंडावर रविवारची दुपार एकट्यानं काढताना करतो. भात निवत ठेवून, दाराकडे तोंड करून बसलेला माणूस मला आता नीट दिसतो.

तुम्ही इंग्रजी शिकायला घेतलंत ते त्या दहा तासांपायी. माझा शाळेतला छोटा शब्दकोश ट्रंकेत निघाला आणि पहिला शब्द तुम्ही निवडलात तो माझ्याच तोंडचा. "रोज जाताना 'पोर्टला जातो' म्हणतोस. पोर्ट म्हणजे काय?" मी चपला घालत म्हणालो, "बंदर." संध्याकाळी येऊन बघतो तर वहीत पाच अर्थ. बंदर. दरवाजा. जहाजाची डावी बाजू. एक प्रकारचं मद्य. आणि वाहून नेणे, म्हणजे आपला पोर्टर तो. तुम्ही हरखून गेला होतात. आपल्या जुन्या कोशांत अनेक अर्थांच्या शब्दांचा वेगळा वर्ग असतो, तसा तुम्ही इंग्रजीचा करायचं ठरवलं होतं. "एका हरी शब्दात आपण माकड, बेडूक, सिंह आणि साक्षात विष्णू कोंबले," तुम्ही म्हणालात, "मग इंग्रजांनीच काय घोडं मारलंय?"

बाकी कुणी केलं असतं तर नुसते अर्थ लिहिले असते. तुम्ही पानाच्या उजवीकडे रेघ मारून एक रकाना काढलात आणि वर लिहिलंत, 'प्रमाण'. प्रत्येक अर्थ आपल्याला कशावरून कळला ते तिथं लिहायचं. डोळ्यांनी पाहिला तर प्रत्यक्ष. ताडला तर अनुमान. भरवशाच्या माणसानं सांगितला तर आप्तवाक्य. बंदरासमोर तुम्ही 'प्रत्यक्ष' लिहिलंत, कारण मी तुम्हाला एका रविवारी लांबून क्रेन दाखवून आणली होती. घरमालकांनाही तुम्ही सोडलं नाहीत. ते ओट्यावर जाळं विणत बसले होते.

"मालक, पोर्ट म्हणजे काय हो?"

"म्हंजे काय, गुर्जी? आमची भाताची शेती व्हती ना, तिथं आता जा हाय, त्याला पोर्ट म्हनतान."

"आणि जहाजाची, होडीची डावी बाजू?"

"आमी डावीला डावीच म्हनताव. इंग्रजीत हाक मारली म्हनून होरी काय लवकर वलनार हाय?"

तुम्ही आत आलात आणि सहावा अर्थ लिहिलात : 'जेथे पूर्वी भातशेती होती ती जागा. प्रमाण : घरमालक, प्रत्यक्ष.' कुठल्याच कोशात तो नाही. मी तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, सहांत पक्का तोच.

राहिलं मद्य. त्याचं प्रमाण मिळवायला तुम्ही एका दुपारी धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून, उरणच्या बाजारातल्या दारूच्या दुकानात गेलात. हे मला दुसऱ्या दिवशी यार्डात वजनकाट्यावरच्या माणसानं सांगितलं. तो तिथंच रांगेत होता, त्यानं सगळा संवाद नकलेसकट केला आणि भोवती दहाजण जमले.

"काका, कुठली देऊ?"

"पोर्ट. पण मला प्यायची नाही, वाचायची आहे."

"वाचायची?"

"मागचा बारीक मजकूर. गाव कुठलं लिहिलंय?"

"गोवा."

"पोर्तुगाल नाही?"

"काका, टेन्शन नका घेऊ. गाव कुठलं पण असू दे, चढते सेमच."

यार्डभर हशा. मला महिनाभर 'काय, वडिलांचं वाचन कसं चाललंय' ऐकावं लागलं. आज मी हाच किस्सा चारचौघांत सांगतो आणि लोकांनी पोट धरून हसावं अशी माझी इच्छा असते. पण त्या संध्याकाळी मी घरी आलो तो तापून. तुम्ही भात वाढत होतात. मी उभ्यानंच म्हणालो, "तुमच्या त्या शब्दापायी माझी तिकडं शोभा होतेय. ज्याला त्याला विचारत फिरायला हा काय तुमचा सातारा आहे?" तुम्ही भातवाढी खाली ठेवलीत. मी शाळेत असताना तुम्ही मला ओरडायचात तेव्हा मी मान खाली घालायचो, तशी मान तुम्ही खाली घातलीत. मग म्हणालात, "बरं. यापुढं फक्त तुलाच विचारीन."

आणि खरोखर एकच गोष्ट विचारलीत. "हे पाच अर्थ म्हणजे एक झाड आहे, की शेजारीशेजारी उगवलेली वेगवेगळी झाडं? या छोट्या कोशात मूळ दिलेलं नाही. मुंबईत फोर्टातल्या मोठ्या ग्रंथालयात अनेक खंडांचा कोश आहे म्हणतात. जाऊन बघशील?" हा प्रश्न साधा नव्हता, हे मला ठाऊक होतं. साताऱ्याच्या शाळेतले तुमचे मित्र, गणिताचे मास्तर, त्यांच्याशी तुमचा तीस वर्षांचा वाद होता. जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला, हे त्यांचं म्हणणं. गणिताचे असल्यामुळे त्यांना सगळं एकाच सूत्रातून निघालेलं आवडायचं. तुम्ही जन्मभर संस्कृत शिकवून उलट बाजू घेतलेली. "बहिणी असतील, मायलेकी नव्हेत," हे तुमचं ठरलेलं उत्तर. शेजारच्या घरातली भांडी आपल्या घरातून चोरलेली आहेत असं म्हणणाऱ्यांना तुम्ही वर्गात नावं न घेता झोडपायचात. मला त्या वादात तुमचा फार अभिमान वाटायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दोन शनिवार मी टाळले. तिसऱ्या शनिवारी अर्धा दिवस सुटल्यावर उरणजवळ मोरा बंदराच्या धक्क्यावर गेलो; तिथून लाँचनं भाऊचा धक्का आणि पुढं फोर्ट, असा बेत. पण ओहोटी लागली होती. पाणी पार लांब गेलेलं, चिखल उघडा पडलेला, लाँच बंद. पाणी चढायला संध्याकाळ होणार होती. मी उकडलेल्या शेंगा घेतल्या आणि धक्क्यावर बसून राहिलो. घरी येऊन 'ओहोटी होती' एवढं म्हणायचं होतं. तुम्ही 'बरं, पुढच्या शनिवारी' म्हणाला असतात, विषय संपला असता. पण बसल्याबसल्या समोर चिखलात कलंडलेल्या होड्या दिसत होत्या आणि डोक्यात तुम्हीच भरलेला शब्द आला : पोत. संस्कृतात पोत म्हणजे जहाज. पोतावरून पोर्ट! शेंगा संपेपर्यंत मी ध्वनिबदलाचे दोन नियमसुद्धा तयार केले. खरं सांगतो अण्णा, मी आळसानं खोटं बोललो नाही. मला माझी व्युत्पत्ती आवडली होती. इतक्या वर्षांत कंटेनरच्या नंबरांपलीकडे माझ्या डोक्यातून स्वतःचं असं काही निघालं नव्हतं, आणि ते कुणाला तरी दाखवायचं होतं.

जेवताना मी म्हणालो, "पाहिला कोश. मूळ शब्द पोत." तुमचा घास हातात राहिला. "पोत? आपला?" मी म्हणालो, "हो, आपला." तुम्ही घास ताटात परत ठेवलात. मग विचारलंत, "स्वतः पाहिलंस?" मी हो म्हणालो. "पान?" मी म्हणालो, "लिहून घ्यायचं राहिलं." शाळेत पान न सांगणाऱ्याला तुम्ही बाकावर उभं करायचात. मला म्हणालात, "असू दे. तू पाहिलंस ना, मग झालं." हात धुऊन आलात आणि लिहिलंत. तीच ही ओळ : 'मूळ संस्कृत पोत. चिरंजीवांनी ग्रंथ स्वतः पाहून सांगितले. आप्तवाक्य.'

मला वाटलं होतं तुम्ही शंका काढाल, आपण वाद घालू, हसत हसत मी कबूल करीन. तसं झालं नाही. दुसऱ्या सकाळी तुम्ही गणिताच्या मास्तरांना कार्ड लिहून माझ्या हातात दिलंत. मी ते बसस्टॉपवर वाचलं. 'आपले म्हणणे एका शब्दापुरते का होईना, खरे ठरले. तीस वर्षे आपणांस हसलो, त्याबद्दल दिलगीर आहे.' टपालपेटी चार पावलांवर होती. कार्ड फाडता आलं असतं, खिशात ठेवता आलं असतं, परत येऊन तुमच्यापुढं टाकता आलं असतं. बस येताना दिसली आणि मी ते पेटीत टाकलं. आठवड्यानं मास्तरांचं उत्तर आलं, विजयी, उद्गारचिन्हांनी भरलेलं. तुम्ही ते मला वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "आनंद झालाय त्याला. होऊ दे. आपल्याला थोडंफार कळतं असं वाटायचं, ते तितकंसं नसावं." वहीत त्यानंतर नवा शब्द नाही. मी एकदा विचारलं, पुढचा शब्द कोणता? तुम्ही म्हणालात, "आता डोळे दुखतात." पावसाळ्यानंतर तुम्ही गेलात.

तेराव्याला मास्तर आले होते. तुमच्या फोटोपुढं बसून ते म्हणाले, "हरलो असं लिहून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही रे. मला तर कधी जमलं नसतं." त्यांचे डोळे भरले होते. ती वेळ होती. मी म्हणालो, "चहा घेता ना, काका?" पुढच्या वर्षी तेही गेले.

त्यानंतर मी फोर्टात गेलो. भरतीची वेळ बघून. जड खंड टेबलावर उतरवला आणि उभ्यानं वाचला. अण्णा, ते एकच झाड आहे. बंदर, दरवाजा, वाहून नेणं, तिन्ही लॅटिनमधून आलेली, आणि तिघांच्या मागे एक जुना धातू : ओलांडणे, पलीकडे नेणे. डावी बाजू म्हणजे धक्क्याला लागणारी बाजू. मद्य ज्या गावावरून, त्या गावाच्या नावाचा अर्थच बंदर. आणि त्या धातूची संस्कृतातली बहीण दिलेली होती, आपलं 'पारयति'. बहीण, अण्णा. आई नव्हे. पोताचा कुठं उल्लेखसुद्धा नव्हता. तीस वर्षं तुम्ही म्हणत होतात तेच शब्दशः छापलेलं होतं, आणि ते एका ओहोटीच्या अंतरावर असताना मी तुमच्याकडून माफी लिहून घेतली होती. शेजारी कुणीतरी पेपर वाचत होतं. हे मोठ्यानं कुणाला सांगावं असा एक माणूस मला आठवेना.

खरी व्युत्पत्ती मी एका चिठ्ठीवर उतरवून आणली, खंड आणि पान यांसकट, तुम्हाला हवी तशी. त्या ओळीवर डकवायची म्हणून खळही केली होती. डकवली नाही. वही उघडली की चिठ्ठी पडते, मी उचलून परत आत ठेवतो. चुकीची ओळ तशीच ठेवणं हे तुमच्या शिस्तीत बसत नाही, मला कळतं. पण चिठ्ठी डकवली तर खालची अक्षरं झाकली जातील, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात हे तुमच्या हस्ताक्षरात माझ्याजवळ तेवढंच आहे.