शुक्रवारचं घर

१८ ऑक्टोबर १९७१, सोमवार. बेल्मोपान

पहाटेच्या बसनं परत. पन्नास मैल, त्यात रस्ता कमी आणि खड्डे जास्त. कंबर पार कामातून गेली. ऑफिसात शिरले तर अल्विन टाइपरायटरवर डोकं टेकून बसलेला. म्हणाला, "लिओनी, या गावात एखादा जिवंत माणूस दिसला तर मला हाक मार."

राजधानी इथं हलवली म्हणे! हलवलं काय — कपाटं, फायली, शिक्के आणि आम्ही कारकून. बेलीझ शहर समुद्राच्या पातळीला, पुढचं वादळ ते घेऊन जाणार, म्हणून सरकारनं रान तोडून हे सिमेंटचं गाव वसवलं. वर्ष झालं. आणि शुक्रवारी चार वाजले की अख्खी राजधानी बसमागं पळते, त्याच बुडणाऱ्या शहराकडं. मी सगळ्यांत पुढं, खिडकीची जागा धरून.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. बेलीझ

बसमधून उतरले तर खाडीवरचा फिरता पूल आडवा वळवलेला. होड्या जायच्या होत्या. अलीकडं आम्ही सगळे पिशव्या घेऊन उभे, आणि मधोमध ते गडी लांब दांडे छातीशी लावून पूल गोल गोल ढकलताहेत. कुणाला घाई नाही. कुणाचं लग्न ठरलं, कोण आजारी, कुणाचा नवरा परत आला — सगळं तिथंच कळलं. बेल्मोपानला कशासाठी थांबावंच लागत नाही, म्हणून तिथं कुणी कुणाशी बोलत नाही. खाडीचा वास आला. गटार, मासे, डांबर. मी छाती भरून घेतला. वेडीच आहे मी.

खांबांवरचं आमचं घर, आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी. "बारीक झालीस," म्हणाली. दर शुक्रवारी म्हणते. तिचं खरं मानलं तर मी एव्हाना दिसेनासं व्हायला हवं होतं.

२४ ऑक्टोबर, रविवार

नारळाच्या दुधातला राजमा-भात, कोंबडी, तळलेली केळी. दोनदा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर समोरची आयव्हरीनमावशी आली. आमच्या स्वयंपाकघराचं दार खरं तर तिचं. एकसष्टच्या वादळात तिच्या घरातून सुटलं, सकाळी आमच्या अंगणात सापडलं, आईनं बसवून टाकलं. तेव्हा सगळ्यांनीच तसं केलं. ज्याला जी फळी मिळाली ती त्यानं ठोकली. आमची मागची भिंत तर चर्चच्या बाकांची आहे. पण हे दार हिरवंगार, पितळी मुठीचं. आमच्या घराला अजिबात शोभत नाही.

मावशीनं नेहमीसारखी एप्रनच्या टोकानं मूठ पुसली. "माझं दार नीट सांभाळतेस ना, ऑटिली?"

"तुझ्याकडं होतं तेव्हा करकरायचं. आता गप्प असतं."

"मग नेऊ का?"

"ने की."

न्यायचं नाव नाही. दहा वर्षं हेच चाललंय. मला ऐकायला आवडतं.

२५ ऑक्टोबर, सोमवार. बेल्मोपान

माझ्या सरकारी घराच्या भिंती पांढऱ्या, चौकोनी. दोन खोल्या, एक रिकामीच. नळ सोडला की पाणी येतं. बेलीझला अंगणातल्या लाकडी पिंपातून पावसाचं पाणी घ्यायचं, त्याला पिंपाचा गोडसर वास. या पाण्याला कसलाच वास नाही. चहासुद्धा लागत नाही चांगला.

३१ ऑक्टोबर, रविवार. बेलीझ

वादळाला दहा वर्षं. चर्चमध्ये मोठी प्रार्थना होती, मेलेल्यांची नावं वाचली. आई आली नाही. भांडी घासत बसली — घासलेलीच भांडी.

मी तेव्हा केयोला होते, डोंगराकडं, तिथल्या कचेरीत. वारा ऐकला तेवढाच. रस्ता सुरू झाल्यावर आले तेव्हा आई तंबूत होती, शहराबाहेर, सोळाव्या मैलावर. मी शहरात चिखल पाहिला, पाणी नाही पाहिलं. ती कधी बोलली नाही, मी विचारलं नाही. ज्या वादळानं घरातून घालवलं त्याचंच नाव त्या तंबूंच्या गावाला पडलं, हॅटीविल. लोक अजून राहतात तिथं.

आज मला आठवत राहिलं ते त्याच्याही आधीचं, बाबा होते तेव्हाचं. बाबा अंगणात होडी बांधायचे तेव्हा सगळीकडं महोगनीचा भुसा. पावसात निळे खेकडे जिना चढून वर यायचे आणि आई झाडू घेऊन त्यांच्यामागं! बाबा म्हणायचे, हे शहर उभंच आहे लाकडाच्या ढलप्यांवर आणि दारूच्या बाटल्यांवर, जास्त नाचू नका. आम्ही मुद्दाम नाचायचो.

आई झोपायला गेली. बूट घालूनच. वादळानंतर लागलेली सवय. काळे कॅनव्हासचे बूट, नाड्या बांधलेले, पांघरुणात. मी चिडवलं, "कुठल्या नाचाला निघालीस?" म्हणाली, "बोलावणं आलं तर उशीर नको व्हायला." धीटच आहे बाई. सगळी गल्ली तिला म्हणते, ऑटिली हलायची नाही.

३ नोव्हेंबर, बुधवार. बेल्मोपान

बातमी! आमच्या खात्याची शहरातली शाखा राहतेय, आणि तिथं जानेवारीपासून एक टायपिस्ट हवीय. अल्विनला सांगितलं. "जिथून पळवून आणलं तिथं परत जायला अर्ज करणार तू?" म्हणाला. म्हटलं, आई एकटी आहे तिथं.

अर्जातही तेच लिहिलं. वृद्ध आई एकटी. वाचून मलाच भरून आलं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार. बेलीझ

आईला अर्जाचं सांगितलं. ती पाव भाजत होती. हात थांबला. "नक्की ठरवलंस?" म्हटलं, तुझ्यासाठीच तर. पाव करपला. आईच्या हातून!

आनंदानंच गडबडली असेल.

१४ नोव्हेंबर, रविवार

पिंपाशी आयव्हरीनमावशीनं गाठलं. "परत येतेयस म्हणे. का गं? ऑटिलीला तिकडं न्यायचं सोडून?"

"ती येणार आहे का मावशी? हे घर सोडून?"

"विचारलंस?"

"विचारायला कशाला हवं?"

मावशीनं बादली भरून घेतली. मग म्हणाली, "तू आपली शिकलेली आहेस," आणि बादली उचलून गेली. याचा अर्थ काय घ्यायचा?

१८ नोव्हेंबर, गुरुवार. बेल्मोपान

रेडिओ सारखा चालू. क्युबाजवळ एक वादळ आठवडाभर घुटमळत होतं, ते आता इकडं वळलंय. सप्टेंबरातही एक येऊन गेलं, पत्रे उडाले तेवढेच. हे मोठं आहे म्हणतात.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदाच उलटं झालं. शहर इकडं येतंय. लॉऱ्या, बस, गाद्या, कोंबड्या, म्हाताऱ्या. मी सकाळीच खाली जाणाऱ्या रिकाम्या बसमध्ये बसले. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, दिशा चुकली तुमची." रस्ताभर मनात भाषण जुळवत होते — आई, हट्ट करू नकोस, दोन दिवसांचा प्रश्न आहे, घर कुठं जात नाही.

पोचले तर आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली. डोक्यावर चर्चची टोपी, मांडीवर पिशवी, पायांत बूट. "चल," म्हणाली. भाषण फुकट गेलं.

आयव्हरीनमावशी शाळेच्या वरच्या मजल्यावर जाणार होती, दर वेळेसारखी. आई तिला म्हणाली, "दार लागलं तर घे." ती म्हणाली, "असू दे." मला वाटलं नेहमीची थट्टा. पण कुणीच हसलं नाही.

२० नोव्हेंबर, शनिवार. बेल्मोपान

अल्विनच्या घरात नऊ पाहुणे, त्यातल्या तीन आत्या. बिचारा अंघोळीच्या खोलीत झोपला. बाहेर पाऊस, वारा फार नाही. रिकाम्या खोलीत आईची गादी घातली. नऊ वाजेपर्यंत झोपली! मी दोनदा जाऊन श्वास बघून आले.

२१ नोव्हेंबर, रविवार

वादळ दक्षिणेकडं सरकलं. शहर कोरडं. देवाची कृपा. घर आहे!

२२ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सगळे सामान बांधायला लागले. मी म्हटलं, "आवर आई, अल्विनच्या आत्या ज्या बसनं जाताहेत त्याच बसमध्ये तुझी जागा धरलीय."

आई खिडकीशी बसून चहा पीत होती. "मी नाही जात," म्हणाली.

"म्हणजे उद्या?"

"म्हणजे नाही जात, लिओनी."

मी हातातली तिची पिशवी खाली ठेवली. "आणि घर?"

"घराला काय झालंय? उभं आहे ते."

"पण तूच म्हणायचीस ना, मी कुठं जात नाही."

"तू म्हणायचीस. हे घर तुला मिळालं तेव्हा तू आलीस आणि म्हणालीस, तुला काही तिकडं करमणार नाही, आई. मी तुझं तोंड बघितलं. म्हटलं, नाही करमणार. तुला शुक्रवारी यायला घर हवं होतं, पोरी. रिकाम्या घरात कोण येतं? कुणीतरी चूल पेटती ठेवायला हवी होती."

बस गेली. मी ऑफिसला उशिरा पोचले आणि एका पत्रात तीन चुका केल्या.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

चार वाजता बस आली. नाही गेले. अल्विन खिडकीतून बघतच राहिला.

संध्याकाळी आईनं सांगितलं. मी विचारलं म्हणून. दहा वर्षांनी विचारलं.

पाणी जिन्यानं आलं नाही म्हणाली. फळ्यांच्या फटींतून वर आलं, आधी थोडं, मग एकदम. ती अनवाणी उठली. मग घर खांबांवरून सरकलं आणि ती बाहेर होती. पाण्यात पत्रे होते, खिळ्यांच्या फळ्या होत्या, पायांची चाळण झाली. काळोखात काहीतरी येऊन छातीवर आदळलं. दार. तिनं पितळी मूठ धरली. उजाडेपर्यंत धरली.

"आयव्हरीनमावशीला माहीत आहे?"

"तिनंच तर सोडवली ती मूठ माझ्या हातातून. एकेक बोट करून." आईनं कपात बघितलं. "म्हणून तर ते दार नेलं नाही तिनं कधी. मला परत लागलं तर, म्हणून."

मी रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, चहा बरा होतो गं इथं, पाणी चांगलं आहे.

३० नोव्हेंबर, मंगळवार

अर्ज मंजूर. एक जानेवारीपासून शहरात. सोमवारी सही करून द्यायची. सही केली की हे सरकारी घर परत करावं लागणार.

आईला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं. "छान झालं," म्हणाली. "तुला हवं होतं." आणि उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच.

मला ती खाडी हवी आहे. तो पूल, ती माणसं, पिंपाचं पाणी. त्याचं काय करू? नुसतं आठवत बसायला मी काय म्हातारी आहे?

१ डिसेंबर, बुधवार

सकाळी आईला उठवायला गेले. पांघरूण सरकलं होतं. पाय उघडे. टाचांवर पांढरे व्रण, मी कधी पाहिलेच नव्हते. बूट पलंगाखाली, जोडीनं ठेवलेले, नाड्या आत खोचलेल्या.

उठवलं नाही.

३ डिसेंबर, शुक्रवार. बेलीझ

एकटीच आले. एकदा राहून बघायचं, मग ठरवायचं. पुलावर नेहमीची गर्दी. सगळे विचारत होते, ऑटिली कुठंय. जिन्यावर बारीक झालीस म्हणायला कुणी नव्हतं.

स्वयंपाकघराला दार नाही. तिथं चादर टांगलेली. आयव्हरीनमावशी येऊन सांगून गेली, "माझं दार नेलं गं. ऑटिली आता येत नाही म्हणे. मी तर इथंच राहणार, मला लागेल ते."

वादळ नाही. रेडिओ म्हणतो, समुद्र शांत. नुसता वारा आहे, चादर हलतेय. खाली फळ्यांच्या फटींतून अंगण दिसतं — इतकी वर्षं कधी पाहिलं नव्हतं.

बूट घालूनच पडलेय.