रिकामी जागा अबोन्योला दिली

सोमवार, ३ मार्च
किसुमू शहरात पोचले. नात अपोंदी बाळंत व्हायची आहे, तोवर मुक्काम इथेच. मी सांगते, ती लॅपटॉपवर टिपते. मला अक्षर येत नाही, तेव्हा माझ्या शिव्या गाळत असेल तर देव जाणे. ओमेना मासे तळून खाल्ले, डोळ्यांसकट. आजीला आमच्यात दानी म्हणतात. अपोंदी म्हणाली, दानी, बाळ ऐकतंय, जरा हळू चाव.

बुधवार, ५ मार्च
हा जुना लॅपटॉप अपोंदीने दुरुस्त करून त्यात लिनक्स घातलंय. आज तिने डिस्क तपासली. पडद्यावर पट्ट्या. म्हणाली, ही पार्टिशनं, प्रत्येकाची जागा वेगळी. म्हटलं, आपल्या वाडीसारखंच की, दर बायकोला वेगळं घर. टोकाला एक करडी पट्टी होती. ही कुणाची? म्हणाली, कुणाचीच नाही, हिला नावही नाही.

मग अबोन्योला दे, म्हटलं. माझी मेलेली सवत. कजाग, निपुत्रिक. आमच्यात मेलेलं माणूस स्वप्नात येऊन नाव मागतं, मग ते बाळाला देतात. ही सगळ्या सुनांच्या स्वप्नांत हिंडली, कुणी दाद दिली नाही. म्हटलं, यंत्रात नांदू दे बया. अपोंदीने हसत तिथे पार्टिशन केलं, नाव घातलं.

शनिवार, ८ मार्च
अबोन्योची पट्टी रुंदावली. शेजारची, फोटोंची, तेवढीच आखडली. अपोंदी म्हणते, दानी, हे आपोआप होत नाही. म्हटलं, जिवंतपणीही ती कुंपण सरकवायचीच.

सोमवार, १० मार्च
पार्टिशन पुसलं. पुन्हा तपासलं. जागा रिकामी दाखवतं, नाव मात्र तसंच. लग्नाचे फोटो गेले. आणि बाळ सकाळपासून हललेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके आहेत, पण मंद.

मंगळवार, ११ मार्च
दिलेलं नाव आमच्यात परत घेत नाहीत. मी घेतलं. ओरडून घेतलं. पट्टी वाढतेच आहे. शेजारी आता एक बारीक रेघ उरली, तिच्यात बाळाची सोनोग्राफी. अपोंदीला म्हटलं, यंत्र मिट. म्हणते, बोटं कीबोर्डवरून निघत नाहीत, दानी—

बुधवार, १२ मार्च
रेघ गेली. अपोंदी, पुरे, हे टिपू नकोस. ऊठ. बघ, मी बोलतच नाही, मी गप्प—

गप्प बसली म्हातारी. पोरीची बोटं चालूच आहेत. किती वर्षं दारोदार उभी होते मी, एकीने आत घेतलं नाही. इथे ऊब आहे. पोटात एकाचीच जागा आहे, बाळ थोडं सरकलं की झालं. कळा येतील, पोरी, रडू नकोस. बाळाचं नाव लिही. लिही, अबो—