तळ्यावरची हिरवी साय

प्रिय शकिला,

पाचगणीच्या वसतिगृहामागची, पाखरांच्या पाण्याची दगडी डोणी आठवते? दर शनिवारी आपण दोघी काथ्यानं तिचं शेवाळ घासायचो. बोटं गारठून जायची, तू मुद्दाम माझ्या बाहीत पाणी ओतायचीस, आणि सिस्टर वरून सांगायच्या, पाखरांना तक्रार करता येत नाही, त्यांचं पाणी तुम्ही बघायचं. तू पुढे वनस्पतिशास्त्र शिकवलंस. मी हात धुतले आणि विसरले.

तुझ्या भाच्याबरोबर, तारिकबरोबर, सांगलीला पाठवलेली माझ्या शेततळ्याच्या पाण्याची बाटली तू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीस आणि लगेच फोन केलास. हे नीलहरित शेवाळ आहे, यातल्या काही जाती विष सोडतात, पाणी उकळूनही ते जात नाही, जनावरांना तिकडे फिरकू देऊ नकोस. मी सगळं लिहून घेतलं. मग तू सहज विचारलंस, राहीबाईची शेरडं त्या तळ्यावर गेलीच कशी? मी रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

राहीबाईचं घर माझ्या बांधाला लागून. चौदा शेरडं, त्यांच्यावरच तिचं पोट. त्या मंगळवारी तिनं सकाळी माझ्या शेततळ्यावर त्यांना पाणी पाजलं, आणि दुपारी शेरडं झोकांड्या खाऊ लागली. तोंडाला लाळ, पाय ताठ. गुरांचे डॉक्टर पोचेपर्यंत सात गेली, दुसऱ्या दिवशी चार. फाडून पाहिलं तर यकृत सुजून काळंनिळं. यकृत बिघडल्यामुळे वाचलेल्या तिघींच्या कानांची कातडी उन्हानं सोलवटते आहे, म्हणून त्या माझ्या ओसरीत सावलीला बांधल्या आहेत.

गावानं मात्र आकारामला धरलं. शेजारची डाळिंबाची बाग त्याची. गेल्या महिन्यात शेरडांनी कोवळे फुटवे खाल्ले तेव्हा तो चारचौघांत ओरडला होता, परत शिरली तर एकबी जित्तं सोडणार न्हाई. फवारणीचा पंप तो माझ्याच तळ्यावर भरतो. काठावर त्याची औषधाची रिकामी बाटली सापडली आणि लोकांना तेवढं पुरलं. सोमवारी त्याला पोलीस ठाण्यात बोलावलं आहे. काल वाटेत थांबून म्हणाला, बाई, तुमी तरी सांगा की, त्ये मी रागात बोललो. मी नुसती मान हलवली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बचतगटाच्या शिबिरात आम्हाला अझोला दाखवला होता, पाण्यावर वाढणारा जनावरांचा चारा. इंग्रजी पत्रक मीच बायकांना मराठीत समजावलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे ऊन तापलं, तळं आटत गेलं, शेतातलं खत त्यात उतरलेलंच होतं. एका सकाळी वाऱ्यानं काठाला हिरवी साय लोटलेली दिसली. अझोल्याची इवली पानं बोटाला लागतात, हे शेवाळ रंगासारखं माखतं. वाकून हात लावला असता तर कळलं असतं. मी बांधावरूनच पाहिलं, अझोला समजले आणि राहीबाईला हाक मारली.

ती म्हणाली, आवं बाई, ह्या पाण्याला वास मारतोय, शेरडं त्वांड लावत न्हाईत. मी हसले. म्हटलं, खुळे, हा खुराक आहे. दोन दिवस घरचं पाणी दाखवू नकोस, आपोआप पितील. ती म्हणाली, तुमी शिकल्यालं. आणि तिनं तसंच केलं.

अजून ती रोज येते, शेरडांच्या कानांना खोबरेल लावते आणि जाताना म्हणते, बाई, तुमी हाय म्हणून. ते पाणी पाजायला मी सांगितलं, हे कुणालाही सांगितलेलं नाही तिनं. माझा दोष असेल, हे तिच्या मनातही आलेलं नाही.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून पत्र. सोबत तीन लिफाफे आहेत, तिन्हीत हेच लिहिलं आहे, खाली माझी सही. याआधी दोनदा लिहून फाडले, घरी राहिले तर पुन्हा फाडीन. तू बाटलीत काय पाहिलंस ते प्रत्येकात तुझ्या सहीनं जोड. रविवारी तारिक डाळिंबाच्या खरेदीला इकडे आटपाडीला येईल, त्याच्याकडे दे. पहिला लिफाफा आकारामच्या हातात, इतर कुणाच्याही आधी. दुसरा पोलीस ठाण्यात, पोच घेऊन. तिसरा राहीबाईचा. तिला वाचता येत नाही, आणि तारिकनं तो तिला वाचून दाखवू नये. तो माझ्याकडे परत पाठव. ओसरीत तिच्यासमोर बसून मीच वाचीन.

तुझीच,
राजनंदिनी