सदतीसवर अडकलेला आकडा

सोमवार, ६ मे

आणि सगळ्यात आधी कोण उगवलं, तर खंडू ड्रायव्हर. मे महिन्यात पत्रा तापून पापड भाजावेत असं ऊन, आणि हा बाबा अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी. मी कालच पिंपळे गुरवहून आलेली, पिशव्यासुद्धा सोडल्या नव्हत्या, पण हसू काही आवरेना. मागून त्याचे मालक बबनराव. जुने गाववाले, रावेतला ह्यांचा ऊस होता तिथे आता बिल्डिंगी. मग ट्रेलरवरून त्यांचं पोकलेन उतरलं. पिवळं, हत्तीएवढं.

हे लिहितेय ती डायरी मिनलने दिली. मिनल माझी नात. मी साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली ती पन्नाशीत, म्हणून ती म्हणते आजी लिहीत जा, नाहीतर विसरशील. तिचे आजोबा जन्मभर कंपनीत फिटर. आणि पोरीचं चाकणला स्वतःचं शेड! लॅपटॉप लावून पोकलेन दुरुस्त करते. काय दुखतंय ते मशीनच नंबर टाकून सांगतं, त्याला कोड म्हणतात. माझ्या गुडघ्याला असा कोड असता तर किती बरं.

शेडच्या मागे दोन खोल्या, तिथे आता आम्ही दोघी. चहा केला. खंडूने प्याला नाही, ग्लास नुसता गालाला लावून बसला. आधीचा ड्रायव्हर किसन ह्याच मशीनच्या केबिनमध्ये मेला, म्हणाला. एप्रिलात. अंगावर चार पोती घेऊन मुटकुळं करून पडलेला. बबनरावांनी डोळे वटारले, तुला बडबडायला आणलंय व्हय. शनिवारी न्यायला येतो म्हणून दोघं गेले. जाताना खंडू मिनलला म्हणाला, "हात लावून बघा ताई. स्क्रीनचं काय खरं नसतं."

मंगळवार, ७ मे

कोड आला टेम्परेचरच्या सेन्सरचा. सकाळची वेळ, इंजिन कालपासून बंद, गार पडलेलं, आणि स्क्रीनवर सदतीस. मिनलने नवा सेन्सर बसवला. सदतीस. वायर बदलली. सदतीसच. ती हसली, म्हणाली आजी, हा तर माणसाच्या अंगाचा आकडा झाला. आपल्या थर्मामीटरवरचं अठ्ठ्याण्णव.

तिच्या उस्तादांची शिकवण अशी, की आधी स्क्रीन वाचायची आणि मग तळहात टेकवायचा, सेन्सर खोटं बोलतो, हात बोलत नाही. तिने टेकवला. बर्फाची लादी असावी तसं लागलं म्हणाली. बराच वेळ ओढणीला हात पुसत होती.

रात्री आंबट वरण केलं, तिला आवडतं.

बुधवार, ८ मे

दुपारी दोनला पोरीने गोधडी मागितली. कोरोनातलं थर्मामीटर आणलं, पंच्याण्णव. सेल उतरला असेल म्हणून मला लावलं, तर अठ्ठ्याण्णव बरोबर.

आमच्या घरात भूतखेत, उतारा, लिंबू काही चालत नाही. तिच्या आजोबांनी लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं. म्हणून मी तसलं मनात आणलं नाही.

संध्याकाळी खंडूचा फोन. मोठ्या खुशीत. बर्फ टाकून उसाचा रस प्याला, स्वेटर पेटीत टाकला. मग हळूच विचारलं, ताईंनी हात लावला का. मी कौतुकाने म्हटलं, व्हय, रोज लावते, तिची रीतच आहे. त्याने लगेच फोन ठेवला.

गुरुवार, ९ मे

त्र्याण्णव. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा. सलाईन लावलं. चहाचा ग्लास दिला तर तिने गालाला लावला.

खंडूसारखाच.

मीच त्याला फोन केला. रडायला लागला. म्हणाला, नवा माणूस हात लावतो तेव्हाच ते आधीच्याला सोडतं. किसनला कोणी मिळालं नाही. त्याला बाहेर काढताना ह्याचा हात मशीनला लागला. मी म्हटलं, माझीच पोर सापडली का रे तुला.

"मला दोन लेकरं आहेत, आजी."

मानत नाही मी असलं काही. पण तिची नखं निळी —

शुक्रवार, १० मे

पहाटे ती झोपलेली असताना शेडमध्ये गेले. लॅपटॉप चालूच होता. सदतीस. दोन्ही तळवे टेकवले आणि शंभरपर्यंत मोजलं. येतं तेवढंच.

दहाला मिनल उठली. पंखा लाव म्हणाली. घाम आला पोरीला, घाम! भाकरी आणि कांदा मागून खाल्ला. मी इतकी हसले की ती म्हणाली आजी, वेडी झालीस का.

माझं पंच्याण्णव.

तिला सांगितलं, मशीनला करंट येतोय, हात लावू नको. हसते. चोवीस व्होल्टच्या बॅटरीचा कसला शॉक, म्हणते.

शनिवार, ११ मे

आज येणार होते. अक्षर वाकडं येतंय. पेन बोटांना कळत नाही.

खंडूच्या माथी परत मारायचं नाही. दोन लेकरं. मशीन नुसतं जाऊ दे. कोणीही हात न लावता — मी बसते गोधडीत, माझं काय राहिलंय.

थर्मामीटरवर आकडा नाही. दोन इंग्रजी अक्षरं, एल आणि ओ.

बबनरावांचा फोन. ट्रेलर मिळेना, म्हणाले, "आमी पुढच्या शनिवारी येतो, अठरा तारखेला." अजून सात दिवस. जमेल. शेडची चावी पदराला बांधलीय, ती —

पदर रिकामा.

मिनलने चावी घेतली. मी पेंगले तेवढ्यात. मशीन परत द्यायच्या दिवशी एकदा तळहात टेकवून बघते म्हणत होती, उस्तादांची रीत — हाक मारली. आवाज निघत नाही. उठता —

शनिवार, १८ मे

आठवडाभर सलाईनवर होते, पेन धरवलं नाही; आज बाहेर ट्रेलर लागलाय, पोरगी शेड उघडायला गेलीय.

बोटांना ऊब येतेय. अक्षर सरळ येतंय. मिनल